गंगाफळाला पहिला सुरा

“थांब मंजू! सुरी खाली ठेव आधी!”

मी अशी ओरडले की माझ्या लेकीच्या हातून सुरी ओट्यावर पडली आणि शेजारी स्टुलावर चढून बसलेली माझी नात रेवा दचकली. ओट्यावर गंगाफळ होतं. चांगलं चारेक किलोचं, गोल, बुडाशी जरा बसकं. पुण्यात त्याला लाल भोपळा म्हणतात, आमच्या चोपड्याकडे गंगाफळ.

“काय झालं आई? एवढं ओरडायचं काय त्यात?” मंजिरी म्हणाली.

“अख्खं गंगाफळ बाईने कापायचं नसतं. विसरलीस वाटतं पुण्यात येऊन.”

“अगं, भाजी नाही करायची त्याची. एकतीस तारखेला सोसायटीत हॅलोवीन आहे. मुलं भुतांचे कपडे घालतात. याला डोळे, नाक, तोंड कोरायचं आणि आत दिवा ठेवायचा, बस.”

“कोरायचं म्हणजे कापायचंच ना? पहिला सुरा घरातल्या पुरुषाने लावायचा. मग पुढचं तू कर, मी करते. आपल्यात गंगाफळाला थोरला मुलगा मानतात. त्याला आपल्या हाताने सुरा लावायचा का?”

“आई, तू एकतीस वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये बेडूक चिरलेस.”

“बेडूक वेगळा.”

ती हसली. हसू दे. मी चोपड्याच्या कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. बेडूक, साप, खेकडे, गर्भातलं डुकराचं पिल्लू, सगळं काचेच्या बरण्यांत टिकवून ठेवायचं काम माझं. मी काही देवभोळी बाई नाही. पण माझ्या आईने कधी अख्खं गंगाफळ कापलं नाही, सासूने कापलं नाही, आणि मीही नाही. हे गेले त्यानंतर आठ वर्षं मी गंगाफळ पिशवीत घालून शेजारच्या भास्करभाऊंकडे जायचे. ते पहिला वार करून द्यायचे, मग घरी आणून भाजी. भास्करभाऊ गावाला गेले असतील तर त्या आठवड्यात वांगी.

“मग हा कोण कापणार?” रेवाने विचारलं.

“कोण म्हणजे? तुझा बाबा.”

मंजिरीने गॅसची शेगडी पुसायला घेतली. ती मघाशीच पुसून झाली होती.

“पराग हैदराबादला आहे आई. प्रोजेक्ट सोडून भोपळा कापायला येणार आहे का तो?”

“शनिवार-रविवार सुट्टी असते ना? येऊ दे की. मी येऊन दीड महिना झाला, जावयाचं तोंड पाहिलं नाही.”

रेवा स्टुलावरून उतरली, आईचा फोन घेतला आणि बेडरूममध्ये गेली. तिचा आवाज बाहेर येत होता. “बाबा, भोपळा आणलाय. पण आईला कापता येत नाही. आजीला पण नाही. नाही, खरंच नाही येत. बाईने कापायचा नसतो. तू आल्याशिवाय अडलंय सगळं.”

ती बाहेर आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. “शनिवारी येतोय,” ती म्हणाली.

याला आता दहा वर्षं होऊन गेली. पण त्या वेळी मी किती गोंधळलेली होते ते आठवलं की माझं मलाच हसू येतं आणि मग हसू थांबतं.

खरं तर त्या घरात मी आल्या दिवसापासूनच गोंधळले होते. मंजिरीने फोन करून बोलावलं होतं, पराग वर्षभर हैदराबादला, एकटीची फार ओढाताण होते, तू ये. मी आले. रेवा सात वर्षांची, दुसरीत. शाळेतून दोनला यायची, माझ्या हातचं जेवायची आणि गप्प बसायची. मी विचारायचे, शाळेत काय झालं? “काही नाही.” काय खाणार? “काही पण.” गोष्ट सांगू? “नको.” माझ्या बरण्यांतले बेडूक याहून जास्त बोलायचे. नातीशी गट्टी जमवायला आले होते मी, आणि दीड महिन्यात माझ्या वाट्याला आलेले शब्द बोटांवर मोजता आले असते.

शनिवारी सकाळी दहाला बेल वाजली. मीच दार उघडलं. परागराव उभे.

“या या! पण बेल कशाला वाजवली? किल्ली विसरलात का?”

“हो… म्हणजे, हो,” ते म्हणाले आणि वाकून माझ्या पाया पडले.

हैदराबादहून आलेला माणूस, हातात साधी पिशवीसुद्धा नाही. शर्टाला नुकतीच इस्त्री केलेली. सोफ्याच्या अगदी टोकाला बसले. मी पाणी आणलं तर म्हणाले, “थँक यू.” माझा जावई बारा वर्षांत मला पहिल्यांदा थँक यू म्हणाला. मंजिरी आतून आली, “आलास?” म्हणाली आणि परत आत गेली. मला काही समजेना. भांडलेत वाटतं, म्हटलं. नवरा-बायको दूर राहिले की असं होतं.

पण रेवा! त्या दिवशी पोरीचं तोंड बंद झालं नाही. बाल्कनीत वर्तमानपत्रं पसरून दोघं बसले. परागरावांनी गंगाफळाला पहिला सुरा लावला, वरचं झाकण गोल कापून काढलं. रेवाने दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालून बिया ओढल्या. तिरके डोळे झाले, त्रिकोणी नाक झालं. तोंडात पाच दात ठेवायचे होते, एक तुटला, त्यावर दोघं इतके हसले की शेजारच्या बाल्कनीतून कोणीतरी डोकावलं. मी भाकरी थापता थापता ऐकत होते. मंजिरी माझ्या बाजूला कोथिंबीर निवडत होती. एकच जुडी, तास-दीड तास निवडली असेल तिने.

जेवणं झाली. चार वाजता परागराव उठले.

“एकतीसला येशील ना बाबा?” रेवाने विचारलं.

“नाही जमणार पिल्लू. ऑफिस आहे. पण हा असेल ना तुझ्यासोबत,” गंगाफळाकडे बोट दाखवून ते म्हणाले.

“तोपर्यंत कुजेल तो. आईने गूगलवर बघितलंय, पाच दिवसांत कुजतो.”

पोरीचा चेहरा पाहून मला राहवेना. “कुजतो कसा? मी आहे ना! एकतीस वर्षं बेडूक टिकवलेत मी. एकतीस तारखेपर्यंत हा असाच राहील, दात विचकून हसत. आजीचा शब्द.”

रेवाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, चला, जमली गट्टी. तो शब्द मी गंगाफळासाठी दिलाच नव्हता, नातीसाठी दिला होता. दोन आठवडे ते टिकवलं तर ही पोर माझी होईल, एवढाच माझा हिशेब.

“मुक्काम नाही करणार? जावई सहा तासांत परत?” परागराव गेल्यावर मी मंजिरीला विचारलं.

“संध्याकाळचं विमान आहे आई. किती प्रश्न विचारतेस!”

मी लगेच कामाला लागले. रेवा वही घेऊन समोर बसली. पोर आपणहून माझ्याजवळ येऊन बसली होती, मला काय आनंद! चमच्याने आतला सगळा गर खरवडून काढला, एक धागा ठेवला नाही. मग बादलीभर थंड पाण्यात मीठ आणि कपड्यांच्या ब्लीचचं टोपणभर टाकून गंगाफळ त्यात बुडवलं. बाहेर काढून सुती फडक्याने टिपलं, पंख्याखाली उलटं ठेवून सुकवलं. जिथे जिथे कापलं होतं त्या कडांना व्हॅसलीन चोळलं. मग फ्रीजचा एक कप्पा रिकामा करून त्यात ठेवलं.

“फॉर्मेलिन मिळालं असतं ना, तर पुढच्या दिवाळीपर्यंत ठेवला असता. पण खायच्या वस्तूंजवळ ते नको,” मी म्हणाले.

“आजी, वस्तू कुजते कशामुळे?”

दीड महिन्यात पोरीने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी पदर खोचला. कॉलेजात सरांनी कधी मला शिकवू दिलं नाही, आता मिळाली होती विद्यार्थिनी.

“चार शत्रू असतात बघ. ऊन, ओल, गोड आणि हात. उन्हात ठेवलं की मऊ पडतं. ओल राहिली की बुरशी धरते. गोड लागलं की मुंग्या येतात, आंबतं. आणि सारखा सारखा हात लावला की हाताची घाण लागते. या चारांपासून लांब ठेवलं की झालं.”

“ऊन, ओल, गोड, हात,” रेवाने वहीत लिहिलं. खाली रेघ मारली.

रविवार चांगला गेला. सोमवारीही गंगाफळ ठणठणीत होतं. मंगळवारी संध्याकाळी दुधाची पिशवी काढायला फ्रीज उघडला आणि हात लागला तर गंगाफळ कोमट. फ्रीजमधली वस्तू कोमट? मी फ्रीज तपासला, दूध गार, दही गार. बाहेर काढून पाहिलं तर डावा गाल मऊ झालेला. बोट दाबलं की खड्डा पडत होता.

“रेवा, तू काढलंस का हे बाहेर?”

“नाही,” रेवा म्हणाली. परत एका शब्दावर आली होती.

मी पुन्हा सगळं केलं. मीठ-पाणी, फडकं, व्हॅसलीन. बुधवारी पाहते तर आत ओल आणि डोळ्याच्या कडेला पांढरी बुरशी. तळाशी दोन मुंग्या मरून पडलेल्या. बोट फिरवून जिभेला लावलं. गोड! आता गंगाफळ मुळात थोडं गोड असतंच, पण हा साखरेचा गोडवा होता. मी तिथेच फ्रीजसमोर पाटावर बसले. एकतीस वर्षांत माझ्या एका बरणीला बुरशी लागली नव्हती. फ्रीजमध्ये साखर आली कुठून? माझं डोकं चालेना. मला वाटलं, मीच तर विसरत नाही ना? वय झालं, हात साखरेचा असेल, कळलं नसेल. मग वाटलं, छे, असं कसं.

घरात आम्ही तिघी. कामाला येणाऱ्या वैजूला विचारलं तर ती म्हणाली, “आजी, मी तुमच्या त्या तोंडाला हात पण लावत नाही, मला भीती वाटते.” राहिली कोण? मंजिरी. दुपारी कधीकधी ती घरूनच काम करायची.

संध्याकाळी मी तिला धरलं. “मंजू, गंगाफळाला साखर लागलीय. तू काही करतेस का त्याला?”

“काय करणार मी?”

“तुझं परागरावांशी काही बिनसलं असेल, तो राग त्यांच्या हातच्या वस्तूवर का काढतेस? पोरीचा जीव आहे त्याच्यात.”

मंजिरी लॅपटॉप बंद करून उभी राहिली. तिचा आवाज चढला. “आई, मला ऑफिस आहे, घर आहे, पोर आहे. मी भोपळ्याला साखर लावत बसेन? कुजला तर कुजू दे तो! फेकून दे! फ्रीज उघडला की तो हसत असतो माझ्याकडे बघून. वैताग आलाय मला!”

ती बेडरूममध्ये गेली आणि दार आपटलं. रेवा हॉलमध्ये रंगकाम करत होती. तिने मान वर केली नाही, पण हातातला खडू थांबला होता.  चांगलं करायला आले होते आणि घरात भांडण लावलं.

गुरुवारी मी ठरवलं, दुपारी झोपायचं नाही. रोज मी जेवण झालं की अडीच ते चार पडायचे. त्या दिवशी खोलीत गेले, दार लोटलं आणि पलंगावर बसून राहिले. पावणेतीनला फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज झाला. मी अनवाणी बाहेर आले.

बाल्कनीत, ऑक्टोबरच्या त्या रणरणत्या उन्हात, कपडे धुण्याच्या मशीनवर गंगाफळ ठेवलेलं होतं, तोंड सूर्याकडे करून. रेवा स्टुलावर उभी होती. एका हातात वाटी, वाटीत साखरेचं पाणी. दुसऱ्या हाताने ती चमचा-चमचा पाणी डोळ्यांतून आत सोडत होती. मग तिने वाटी खाली ठेवली आणि दोन्ही तळहात त्याच्या गालांवरून फिरवले. ऊन, ओल, गोड, हात. मी सांगितलेलं एकही विसरली नव्हती.

“सॉरी,” ती गंगाफळाला म्हणाली. “खूप सॉरी.”

“रेवू, काय करतेस गं हे?”

ती इतकी दचकली की मला पळत जाऊन तिला धरावं लागलं. 

“कुजवते,” ती म्हणाली.

“का गं बाळा? बाबाने केलाय ना हा?”

“म्हणूनच. हा कुजला की नवा आणावा लागेल. नवा तू कापू शकत नाहीस. आई पण नाही. तूच म्हणालीस. मग बाबाला यायलाच लागेल.”

मी खालीच बसले. फरशी तापलेली होती, पण उठावंसं वाटेना.

“अगं वेडे, बाबा येणारच आहे की. प्रोजेक्ट संपला की घरी येणार.”

“प्रोजेक्ट नाहीये आजी.” तिने दरवाजाकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. “बाबा हैदराबादला नाहीये. इथेच राहतो, पिंपळे सौदागरला, सातव्या मजल्यावर. पण ते तुला सांगायचं नाही. तुझं बीपी वाढतं.”

दीड महिना माझ्या नातीने माझ्याशी का बोलणं टाळलं ते मला तेव्हा कळलं. एक शब्द जास्त बोललं तर तो चुकून निघेल, म्हणून पोर तोंड शिवून बसली होती. सात वर्षांची पोर, आणि माझं बीपी सांभाळत होती! मला रडू कोसळलं, अगदी आवाज करून रडले मी. आणि ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होती, “बीपीची गोळी आणू?”

मंजिरी आली तेव्हा मी तिला काही विचारलं नाही. फक्त म्हटलं, “मला कळलंय.” ती चप्पलसुद्धा न काढता दारातल्या बाकावर बसली.

“कधीपासून?” मी विचारलं.

“गुढीपाडव्यापासून. त्याच्यात दुसरं कोणी नाही आई, मारहाण नाही, काही नाही. नुसतं जमेना. तुला काय सांगणार होते मी? तू विचारलं असतंस, झालं काय? आणि मला सांगता आलं नसतं.”

“आणि पोरगी? तिला भेटायला येत नाहीत?”

“येतो म्हणतो. तू यायच्या आधी लागोपाठ तीन शनिवार रेवा बूट घालून दारात बसली होती. तो आला नाही. त्याला लाज वाटते आई. या घरात नुसतं येऊन बसायचं म्हटलं की त्याचा पाय निघत नाही. काही काम असलं तर येतो. नळ गळत होता तेव्हा आला. भोपळ्याला आला, कारण रेवाने सांगितलं की त्याच्यावाचून अडलंय.”

माझ्या डोक्यात सगळं एकदम उलटंपालटं झालं. म्हणजे मी जे बोलले, आईचं, सासूचं, आपल्यात असं असतं ते, त्याला ही पोर बुडत्यासारखी धरून बसली होती. ती आता एकामागून एक गंगाफळं कुजवणार, बाप एकामागून एक कापायला येणार. आणि एक दिवस बापाने सांगितलं की बाजारातून कापलेली फोड आणा, तर हिने काय करायचं?

शुक्रवारी मी रेवाला घेऊन भाजीवाल्याकडे गेले आणि अख्खं गंगाफळ घेतलं. पोरीचे डोळे चमकले. घरी येताच तिने फोन लावला. “बाबा, नवा आणलाय! उद्या ये कापायला!” तो येतो म्हणाला.

शनिवारी सकाळी नऊ वाजता मी ते गंगाफळ ओट्यावर ठेवलं, मोठी सुरी घेतली आणि रेवाला हाक मारली.

“हे काय करतेस आजी? बाबा यायचाय अजून!”

“मी कापतेय.”

“तू नाही कापायचं! तू म्हणालीस! आई, बघ ना आजी काय करते!”

मंजिरी धावत आली आणि दारातच थांबली. मी सुरीचं टोक टेकवलं. लगेच दाबली नाही, खोटं कशाला बोलू. एकतीस वर्षं बेडूक चिरले तेव्हा अशी थांबले नव्हते. आई डोळ्यांसमोर आली, सासू आली, पिशवी हातात घेऊन भास्करभाऊंच्या दारात उभी असलेली मीच मला दिसले. मग मी सुरी दाबली. निम्म्यावर जाऊन ती अडकली. खलबत्त्यातला बत्ता घेतला, सुरीच्या पाठीवर दोन ठोके हाणले आणि गंगाफळाचे दोन भाग झाले.

रेवाने जी किंकाळी फोडली ती मला अजून ऐकू येते. तिने माझ्या मांड्यांवर मुठी मारल्या. “तू घाण आहेस! आता बाबा येणार नाही! आता त्याला काहीच काम नाहीये!”

“फोन कर त्याला,” मी म्हणाले. “सांग, आजीने कापलं. कापायचं काही उरलं नाही. जेवायला ये.”

“तो नाही येणार!”

“कर तर खरं.”

हुंदके देत देत तिने फोन केला. “बाबा, आजीने कापला. हो. सगळा कापला. आता काही काम नाहीये.” ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. “आजी म्हणते, जेवायला ये.” मग तिने फोन कानावरून काढून त्याच्याकडे पाहिलं. “कट झाला,” ती म्हणाली.

“काय म्हणाला?”

“काहीच नाही.”

मंजिरी माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग होता की आणखी काही, मला सांगता येणार नाही. मी भाजी चिरायला घेतली. हाताला दुसरं काही सुचत नव्हतं. मेथीदाण्याची फोडणी दिली, गूळ घातला. दहा वाजले, अकरा वाजले. रेवा सोफ्यावर पालथी पडून होती. ती बूट घालून दारात बसली नव्हती, तेच मला सहन होईना. मी काय करून बसले, असं मला हजारदा वाटलं. तिच्याजवळ एकच युक्ती होती, खोटी असेना का, ती मी सुरीने कापून टाकली. तो आला नाही तर या पोरीला मी पुन्हा तोंड दाखवू शकणार नव्हते. माझी बॅग भरून चोपड्याची गाडी धरायची, एवढंच डोक्यात येत होतं. बारा वाजले. भाकऱ्या झाल्या.

पुढे त्या दोघांचं व्हायचं ते झालं. कागदांवर सह्या झाल्या, मंजिरीने घर बदललं. परागराव सगळेच शनिवार पाळू शकले असंही नाही. रेवा आता सतरा वर्षांची आहे आणि बापाशी अभ्यासावरून कडाकडा भांडते.

पण त्या दिवशी साडेबाराला बेल वाजली.

कोणी उठेना. शेवटी मीच गेले. परागराव उभे होते. शर्टाला इस्त्री नव्हती, केस विस्कटलेले. हातात काहीच नव्हतं.

“आई,” ते म्हणाले, “भाजी झाली का?”

“झाली. या.”

रेवा सोफ्यावर उठून बसली होती. ती धावली नाही. बापाकडे बघत राहिली, गोंधळून, जसं काही तिला वाटत होतं की हा चुकून आला असेल.

“बाबा, आजीने सगळा कापला. तुला कळलं ना?”

“कळलं.”

“तुला काहीच काम नाहीये.”

“नाहीये,” ते म्हणाले आणि सोफ्यावर बसले. टोकाला नाही, मध्ये, तिच्या शेजारी.

 रेवा एकदम उठली आणि बाल्कनीत पळाली. गुरुवारपासून ते जुनं गंगाफळ तिथेच उन्हात पडलं होतं, मीच आत आणलं नव्हतं. डावा गाल आत गेलेला, एक डोळा लोंबकळलेला. ते छातीशी धरून ती आत आली, फ्रॉकवर डाग पडले तरी तिला फिकीर नव्हती. तिने ते माझ्यासमोर जमिनीवर ठेवलं आणि पळत जाऊन मिठाचा डबा घेऊन आली.

“आजी,” ती म्हणाली, “हा एकतीस तारखेपर्यंत टिकेल ना?”

मी बादली घ्यायला उठले.